वाढीव खोलीची तार

ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या पट्ट्यातली जुनी घरे एकदा बांधून संपली, असे कधी होत नाही. ती वाढत असतात. आजोबांनी बांधलेल्या दोन खोल्यांना वडिलांनी पडवी काढलेली असते, पडवीचे पुढे स्वयंपाकघर होते, मुलाचे लग्न ठरले की मागच्या अंगणातली तुळस हलवून तिथे स्लॅबची खोली उठते आणि नातवंडे झाली की त्या स्लॅबवर पत्र्याची माडी चढते. सोसायटीत राहणाऱ्यांची तऱ्हा निराळी. ते आधी गॅलरी आत घेतात. आणि नशिबाने शेजारचा ब्लॉक विकायला निघालाच, तर कर्ज काढून तो घेतात, मध्ये दार पाडतात आणि ‘आता आमचा जोडब्लॉक झाला’ असे आल्यागेल्याला हौसेने सांगतात.

खोली वाढली की तिच्या मागोमाग वीज न्यावी लागते, पाणी न्यावे लागते. या दोहोंसाठी वायरमन आणि प्लंबर यांच्याशी महिनाभर आधीपासून बोलणी चाललेली असतात. पंखा कुठे, दिव्याचे बटण कुठे, नळ किती उंचीवर, हे घरातल्या बायकांनी कोऱ्या भिंतीवर खडूने काढून दाखवलेले असते. इंटरनेटचा विचार मात्र रंग वाळल्यावर होतो. वास्तुशांतीच्या जेवणानंतर एखादा भाचा नव्या खोलीत लवंडतो, फोन काढतो आणि विचारतो, “मामा, इथे नेट येत नाही का हो?” त्या घटकेपासून त्या घरामागे जे शुक्लकाष्ठ लागते, त्याविषयी चार उपयोगी गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

चकलीच्या तुकड्याबरोबर हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना थोडे मागे नेतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई आणि इतर मोजक्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून घरात येई. मोडेम नावाची पेटी आधी किंचाळे, मग घरघर करी, आणि ते चालू असेपर्यंत घरातला फोन बंद. ते एका टेबलापुरते असे. दुसऱ्या खोलीत न्यायचा प्रश्नच नव्हता. पुढे आपल्याकडच्या केबलवाल्यांनी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तारा टाकून गल्लीगल्लीत ते पोचवले. २००४ साली सरकारने ‘ब्रॉडबँड’ची व्याख्या केली, ती सेकंदाला निदान २५६ किलोबिट अशी. २०२३ च्या जानेवारीत ती २ मेगाबिटवर नेली. आज केसासारख्या काचेच्या तंतूतून त्याच्या पन्नासपट वेग सामान्य घरात येतो, आणि कोणाला त्याचे कौतुक वाटत नाही.

पण चैनीची ही वस्तू गरजेची झाली ती २०२० सालच्या मार्च महिन्यात. लोकल बंद झाली. १५ जूनपासून ती अत्यावश्यक सेवेतल्या माणसांपुरती धावू लागली; सर्वांना, आणि तेही ठरावीक वेळांतच, डब्यात पाय ठेवायला मिळाला तो १ फेब्रुवारी २०२१ रोजी. ज्या डोंबिवलीकराच्या तीन पिढ्यांनी घड्याळापेक्षा गाडीच्या वेळेवर विश्वास ठेवला, त्याचे ऑफिस चालत घरात आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. ते अजून पुरते उठून गेलेले नाही. आठवड्यातले दोन दिवस तरी कोणी ना कोणी घरातूनच काम करतो. तेव्हा मागच्या खोलीत नेट पोचते की नाही, या प्रश्नाचा अर्थ पुष्कळ घरांत मागच्या खोलीत पोटापाण्याचा उद्योग चालू शकतो की नाही, असा झालेला आहे.

कल्याणात पारनाक्याच्या आतल्या अंगाला माझ्या परिचयाचे एक घर आहे. पुढचा भाग जुना, दगडी जोत्याचा. भिंती विटा आणि चुन्याच्या, हातभर रुंद. वर सागवानी तुळया आणि मंगळोरी कौले. वडिलांनी निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे घालून मागे दोन खोल्या काढल्या, त्या धाकट्या मुलासाठी. मुलाचे काम परदेशी गिऱ्हाइकांशी बोलण्याचे, संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालणारे. पुढच्या खोलीत बसावे तर आजी साडेनऊला निजते. मागच्या खोलीत बसावे तर बोलता बोलता त्याचा चेहरा पडद्यावर गोठतो आणि गिऱ्हाईक ‘हॅलो, हॅलो’ करीत राहते. दोनदा वरिष्ठांनी समज दिली. तिसऱ्या वेळी तो वडिलांना म्हणाला, “बाबा, मला घोडबंदरकडे भाड्याने जागा बघावी लागणार.” वडील म्हणाले, “अरे, पुढच्या खोलीत नेट आहे. वीस पावलांवर! वीस पावलांसाठी तू घर सोडणार?”

वीस पावलांवर असूनही ते का येत नाही, हेच आधी समजून घ्यायला हवे. कारण हे न समजता लोक बाजारात जातात, दुकानदार दाखवील ती पेटी घेऊन येतात, आणि महिन्याभराने ती पेटी माळ्यावर जाते.

वाय-फाय म्हणजे बिनतारी. आकाशवाणीच्या लाटा आणि या लाटा यांचे कूळ एकच, फरक लांबीचा. मुंबई केंद्राच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर. वाय-फायच्या लाटा दोन जातींच्या आहेत. २.४ गिगाहर्ट्‌झची लाट सुमारे साडेबारा सेंटिमीटर. आणि ५ गिगाहर्ट्‌झची त्याच्या निम्म्याहून थोडी कमी. लांब लाट अडथळ्याला वळसा घालते, भिंतीतून बरीचशी पार होते. आखूड लाट जास्त माल वाहून नेते पण लवकर थकते. (पूर्वी साध्या रेडिओलाही पोस्टातून लायसेन्स काढावे लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा अल्प शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ साली सरकारने परवान्यातून मोकळा केला, म्हणून आज घरोघर ही छोटी प्रक्षेपण केंद्रे बिनबोभाट चालू आहेत.)

मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की लाटेचे बळ चौथाईवर येते. मग भिंती आपला कर वसूल करतात. लाकडी पार्टिशन जवळजवळ काहीच घेत नाही. चार इंची विटेची भिंत थोडे घेते. दीड विटेची चौदा इंची भिंत पुष्कळ घेते, आणि लाट तिच्यातून तिरकी जात असेल तर तीच भिंत तिला वीस-बावीस इंची होते. स्लॅबमधल्या लोखंडी सळया, पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट आणि त्यावरचा आरसा हे तर लाटेला परतच पाठवतात. पाणी तिला शोषून घेते. म्हणून गच्चीवरच्या टाकीखालची खोली नेहमी अभागी, आणि म्हणूनच आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल धरलेल्या भिंतीपलीकडचे नेट उन्हाळ्यापेक्षा मंद वाटले, तर तो निव्वळ मनाचा खेळ समजू नये.

आता वाढवलेल्या घरातली खरी गोम पाहा. जुन्या घरात सर्वांत जाड भिंत कोणती? बाहेरची. उन्हापावसाला तोंड देणारी आणि छपराचा भार उचलणारी. मागे खोली काढली की ती बाहेरची भिंत घराच्या मधोमध येते! नव्या घरात जाड भिंती कडेला आणि पातळ भिंती आत, असा शहाणपणाचा क्रम असतो. वाढवलेल्या घरात पोटात किल्ल्याचा तट असतो, आणि राउटर हमखास तटाच्या अलीकडे, पुढच्या दारापाशी टीव्हीच्या शेजारी; कारण केबलवाल्या पोराला तिथपर्यंतच तार आणायचा कंटाळा नव्हता. तटापलीकडे स्लॅबची, सळयांनी विणलेली नवी खोली. वीस पावले खरी, पण त्यात दोन तट.

ठाणेकर-कल्याणकरांना हे समजावून सांगायला एक घरचाच दाखला आहे. १८५३ सालच्या १६ एप्रिलला आगगाडी बोरीबंदराहून ठाण्याला आली. तेच लोहमार्गाचे जाळे कल्याणपर्यंत वाढवायचे तर मध्ये खाडी आणि डोंगर. खाडीवर पूल बांधले, डोंगराला बगल देत, लहान बोगदे खणीत १८५४ च्या मे महिन्यात गाडी कल्याणला पोचली. पुढे वाहतूक वाढली, वळसा परवडेना. तेव्हा १९१६ साली पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा डोंगराच्या पोटातून सरळ काढला. अलीकडून मोठ्याने शिट्टी वाजवली म्हणजे गाडी डोंगरापलीकडे ऐकू येईल, पोचणार मात्र नाही. पोचायला बोगदाच लागतो.

बाजार मात्र आपल्याला मोठी शिट्टी विकतो. सहा-आठ शिंगांचा राउटर हा त्यातला पहिला प्रकार. ही शिंगे पाहून माणूस भारावतो. पण संभाषण दोन्ही बाजूंनी असते, हे कोणी लक्षात घेत नाही. राउटर ओरडला आणि मागच्या खोलीतल्या मोबाइलने ते ऐकले, तरी मोबाइलचा आवाज तेवढाच बारीक राहतो; त्याचे उत्तर तटाअलीकडे पोचत नाही. फोनवर चार रेघा दिसतात आणि तरी पान उघडत नाही, त्यातले एक कारण हे.

दुसरा प्रकार म्हणजे रिपीटर. तो मधल्या दारात प्लगमध्ये खोचायचा, ऐकलेले पुन्हा बोलायचे. स्वस्तातला रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर बोलतो, म्हणजे प्रत्येक शब्दाला दुप्पट वेळ. वेग निम्म्यावर येतो, कधी त्याहून खाली. शिवाय तो बहुतेक वेळा जिथे नेट येत नाही तिथेच लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? एखाद्या निवृत्त गृहस्थाला पलंगावर पडून वर्तमानपत्र चाळायचे असेल, तर रिपीटर जरूर घ्यावा. ज्याची नोकरी त्यावर आहे त्याने घेऊ नये.

तिसरा प्रकार सध्या फार बोलबाल्याचा आहे, मेश. सारख्या दिसणाऱ्या दोन-तीन पेट्या घरभर ठेवायच्या, त्या आपसांत बोलतात. या पेट्या चांगल्या असतात, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण आपसांत बोलायचे ते त्याच तटातून! म्हणून मेश घ्यायचीच असेल, तर दोन पेट्यांमध्ये तार जोडता येते अशीच घ्यावी, आणि तार जोडावी. तार जोडलेली साधी मेश ही बिनतारी महागड्या मेशला सहज मागे टाकते.

विजेच्या तारांतूनच नेट नेणारी यंत्रेही मिळतात. कल्पना मोठी गोड आहे, कारण वीज तर नव्या खोलीत पोचलेली असतेच. परंतु आपल्याकडे वाढीव भागाला पुष्कळदा वेगळे मीटर घेतलेले असते, निदान वेगळा फेज असतो. आणि पुढच्या भागात अजून जुन्या लाकडी पट्टीतली वायरिंग असते. अशा घरात ती यंत्रे आज चालतात, उद्या मिक्सर लावला की रुसतात.

आणखी एक मार्ग पुष्कळांनी पत्करलेला दिसतो, तो म्हणजे मागच्या खोलीसाठी दुसरे स्वतंत्र कनेक्शन. पैसे असतील त्याने घ्यावे. पण मग दर महिन्याला दोन बिले. पुढच्या खोलीतला प्रिंटर मागच्या लॅपटॉपला दिसत नाही. आणि एका घरात दोन चुली पेटल्यासारखे होते ते निराळेच. पारनाक्याच्या घरातही आधी हाच बेत चालला होता. वडिलांनी तो मोडून काढला. “एकत्र राहायचं म्हणून खोल्या बांधल्या, आणि नेट वेगळं?” असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद शास्त्रीय नव्हता, पण निष्कर्ष बरोबर निघाला.

म्हणून म्हणतो, तार टाका. एकदाच टाका, चांगली टाका.

बिनतारीच्या काळात तारेची शिफारस करणारा माणूस जुनाट वाटतो, याची मला कल्पना आहे. पण या तारेचा इतिहासच मोठा मौजेचा आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओलहरींनी जोडले. एकाच लहरीवर सगळे बोलणार, टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलणार, अशी ती युक्ती. १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत बॉब मेटकाफ यांनी तीच युक्ती सुधारून तारेत घातली आणि तिला ‘ईथरनेट’ नाव दिले. ईथर म्हणजे जुन्या पदार्थविज्ञानातले ते सर्वव्यापी, कल्पित द्रव्य. म्हणजे बिनतारी आधी, तार नंतर! तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ देऊन. पीळ देण्याची ही अक्कल त्याहून जुनी आहे. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली तिचे पेटंट घेतले. पिळामुळे बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखी पडते आणि परस्पर वजा होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ‘कॅट सिक्स’ नावाची तार मागावी; ‘कॅट फाइव्ह-ई’ असली तरी घरात भागते. शंभर मीटरपर्यंत ती सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेते, आणि आपल्या घरात शंभर मीटर येतात कुठून! मात्र तार शुद्ध तांब्याची हवी. लॅमिंग्टन रोडपासून आपल्या स्टेशनबाहेरच्या दुकानांपर्यंत सर्वत्र ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार विकायला असते. ती ठिसूळ असते, एका वर्षाने जोडापाशी तुटते. आतली एक तार ब्लेडने खरवडावी; तांबूस कातडीखाली पांढरे दिसले की भेंडोळे परत करावे.

आठही तारा जोडून घ्याव्यात. पूर्वी सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वेगाला चारच तारा पुरत, त्यामुळे एका केबलमधून दोन गिऱ्हाइकांना जोड देण्याची काटकसर चाले. ती सवय काही हातांत अजून आहे. चार तारांवर गिगाबिट चालत नाही. नेट चालते, पण पायात बेडी घालून. रंगांचा रूढ क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी का शिरली, याचे उत्तर टेलिफोनच्या जुन्या खटक्यांत आहे. ते इथे नको.

भिंतीला भोक पाडणे हा खरा नाजूक भाग. जुन्या चुन्याच्या भिंतीला छिन्नी-हातोडा लावला की हातभर गिलावा खाली येतो. लांब ड्रिलने, ठोका न देता, सावकाश एकच भोक पाडावे. भार पेलणाऱ्या भिंतीत आडवी खाच खोदू नये. तार पट्टीतून वरून न्यावी. भोक बाहेरच्या बाजूला उघडत असेल, तर आतून बाहेर किंचित उतरते ठेवावे आणि बाहेर तारेला एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी थेंबथेंब गळून जाते. आपल्या पावसात हे एवढेसे काम भिंत वाचवते.

पारनाक्याला भोक कुठे पाडायचे यावर तासभर खल झाला. ड्रिलवाला पोरगा म्हणाला, “आजी, देवघराच्या वरनं सरळ पडतंय बघा.” आजी म्हणाली, “देवाच्या डोक्यावर भोक नको रे बाबा. त्या कोनाड्याच्या अंगानं ने. तिथनंच तुझ्या जन्माआधी लाइटची तार गेलीय.” आणि खरोखरच कोनाड्यामागे जुन्या वायरमनने ठेवलेली वाट सापडली. विजेची तार तिथून केव्हाच काढलेली होती. कोळ्याची जाळी तेवढी होती. नवे भोक पाडावेच लागले नाही. जुन्या घरात काम करणाऱ्याने आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, ते नकाशापेक्षा भरवशाचे असतात.

विजेची तार तिथे अजून जिवंत असती, तर मात्र ती वाट घेऊ नये असे मीच सांगितले असते. विजेच्या आणि नेटच्या तारा एका नळीत कधीही घालू नयेत. वीतभर अंतर ठेवावे. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडावी. आणि जी खोली अजून बांधायची आहे, तिच्यात प्लॅस्टरच्या आधी नेटसाठी वेगळी इंचभर नळी टाकून ठेवावी, आत ओढायला सुतळी सोडावी. प्लॅस्टरनंतर हीच नळी किती महाग पडते, ते गवंड्याला विचारा. एक ऐवजी दोन तारा ओढाव्यात. उंदीर कुठल्या तारेवर प्रेम करील हे आधी सांगता येत नाही.

नवा भाग मुख्य घराला चिकटून नसेल, मध्ये अंगण असेल, किंवा त्याचे मीटर आणि अर्थिंग वेगळे असेल, तर मात्र तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नये. मे-जूनमध्ये पाऊस लागताना आणि ऑक्टोबरात तो परतताना आपल्याकडे विजा कडाडतात. जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगांमध्ये क्षणभर मोठा दाब उत्पन्न होतो आणि तो या नाजूक तारेतून वाट काढतो. दोन्हीकडच्या पेट्या एकदम जातात. तिथे काचेच्या तंतूची तार टाकावी, दोन्ही टोकांना छोटी रूपांतरक यंत्रे लावावीत. काचेतून वीज वाहत नाही. मात्र तंतूच्या केबलमध्ये मजबुतीसाठी धातूची तार असली तर तिचाही विचार करावा लागतो; बिनधातूची केबल मागून घ्यावी. ती फार पिरगाळली तर प्रकाश वळणावर सांडतो, म्हणून वळणे ऐसपैस द्यावीत.

तार पोचली की तिच्या टोकाला माळ्यावर टाकलेला जुना राउटरच लावता येतो. पण इथे एक भांडण उद्भवते. राउटर हा घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक क्रमांक वाटणारा कारभारी असतो. दोन राउटर एका जाळ्यात आले की दोन्ही क्रमांक वाटू लागतात, दोघांचाही पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, आणि एका घरात दोन कर्ते झाले म्हणजे जे होते तेच होते. कधी चालते, कधी नाही, आणि का ते कोणालाच कळत नाही. म्हणून दुसऱ्या राउटरचा पत्ता बदलावा, त्याचे क्रमांक वाटणे बंद करावे, आणि तार त्याच्या ‘वॅन’ खोबणीत न घालता ‘लॅन’ खोबणीत घालावी. बहुतेक नव्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ असे एकच बटण हे सगळे करते. वाय-फायचे नाव आणि परवलीचा शब्द दोन्हीकडे तोच ठेवावा, म्हणजे बोलत बोलत पुढच्या खोलीतून मागे गेले तरी फोन आपण होऊन जवळचा राउटर धरतो. धरताना क्षणभर अडखळतो, ते चालवून घ्यावे. आणि ज्याचे काम खरोखर महत्त्वाचे, त्याने लॅपटॉप तारेनेच जोडावा. पारनाक्याच्या धाकट्याने तेच केले. त्याच्या टेबलापाशी भिंतीत आता एक छोटी खोबण आहे; घोडबंदरच्या जागेचा विषय त्या घरात पुन्हा निघालेला नाही.

डोंबिवलीच्या जोडब्लॉकवाल्यांची अडचण भिंतीपेक्षा शेजाऱ्यांची. टिळकनगर, रामनगर किंवा विष्णुनगरातल्या एखाद्या इमारतीत फोन उघडून पाहा. वीस-पंचवीस वाय-फायची नावे दिसतील, काही देवांची, काही कुत्र्यांची. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा जेमतेम तीन: क्रमांक १, ६ आणि ११. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जी गर्दी होते, ती या तीन वाटांवर वर्षभर असते. तिथे दोन्ही राउटरना वेगळी वाट द्यावी, लाटेचे बळ कमी ठेवावे, आणि शक्य ते सर्व ५ गिगाहर्ट्‌झवर न्यावे. आखूड लाट शेजाऱ्यांकडून आपल्याकडे येत नाही, हा तिचा अशा वेळी गुणच ठरतो.

वीज गेली की पुढचा दिवा इन्व्हर्टरवर पेटतो आणि मागची पेटी मालवते, असेही होते. कनेक्शनची पेटी, पहिला राउटर आणि दुसरा राउटर, तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत. तिन्ही मिळून एखाद्या बल्बहून थोडीच जास्त वीज खातात.

नौपाड्यातल्या एका स्नेह्यांनी यावर एक रास्त हरकत घेतली. त्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. सह्या झाल्या आहेत, बिल्डर कधी येईल ते देव जाणे. मोडायच्या घरात तार कशाला टाकायची? अशा घरात भिंत फोडू नये. प्लॅस्टिकची केसिंग-पट्टी छताच्या कडेने खिळ्यांवर बसवावी, तार तिच्यात नुसती ठेवावी, आणि टोकांना दोन-तीन मीटर जास्तीची सोडावी. घर रिकामे करायची नोटीस आली की पट्टीचे झाकण काढायचे आणि तार गुंडाळून भाड्याच्या जागेत न्यायची. फक्त गुंडाळताना वेटोळे मोठे ठेवावे आणि मुलांना दोरी म्हणून देऊ नये.